एसी थंड करत नाही: दुरुस्ती कुठवर करावी आणि नवा केव्हा घ्यावा

मार्च संपत आला की मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत अनेक घरांतला एसी महिन्यांच्या विश्रांतीनंतर सुरू होतो आणि त्यातल्या काहींमधून थंड हवेऐवजी नुसता वारा येतो. मेकॅनिक येतो, पाच मिनिटे पाहतो आणि बहुधा दोनपैकी एक निर्णय सांगतो: गॅस गेला आहे, भरावा लागेल, किंवा मशीन जुने झाले आहे, नवीनच घ्या. यांपैकी कोणताही निर्णय बरोबर असू शकतो, पण तो तपासणीच्या शेवटी यायला हवा. एसी किती वर्षांचा आहे याला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याला नाही. बिघाड नेमका कोणत्या भागात आहे, आणि गॅस गळत असेल तर तो कोणत्या जागेतून गळतो आहे, यावरच दुरुस्ती परवडेल की नाही हे ठरते. पुढील विवेचन घरगुती स्प्लिट एसीला धरून केले आहे. खिडकीच्या एसीलाही त्यातले बरेचसे लागू पडते.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

रिमोटवर ‘कूल’ मोड आहे ना, हे आधी पाहावे. चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ मोड लागलेला असणे ही हास्यास्पद वाटली तरी नेहमीची गोष्ट आहे. तापमान किती लावले आहे तेही पाहावे, कारण १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबल असलेले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात आणि खोलीच २५ अंशांची असेल तर कॉम्प्रेसरला फारसे काम उरत नाही.

त्यानंतर इनडोअर युनिटचे पुढचे झाकण उघडून जाळीचे फिल्टर काढावेत, नळाखाली धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवावेत. एसी रोज चालत असेल तर हे काम दर पंधरवड्याला करावे. घर रस्त्याकाठी असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला. आउटडोअर युनिट खिडकीतून दिसत असेल तर त्याचा पंखा फिरतो आहे का, मागच्या पत्र्यांवर धुळीचा थर किंवा कबुतरांचे घरटे नाही ना, समोर वाळत घातलेल्या चादरी किंवा पावसापासून संरक्षण म्हणून बसवलेला पत्रा हवेचा मार्ग अडवत नाही ना, हे पाहावे. खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याची ती एकमेव जागा आहे. ती कोंडली गेली तर तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. बंद करून लगेच सुरू केलेला एसी पहिली तीन-चार मिनिटे थंड करत नाही, हा बिघाड नव्हे; कॉम्प्रेसरला दिलेला तो ठरवलेला विलंब आहे.

मग एक साधी मोजणी करावी. रिमोटवर सर्वांत कमी तापमान आणि पंख्याचा जास्त वेग लावून एसी पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा आणि साध्या डिजिटल थर्मामीटरने इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूने आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपले काम करते आहे. खोली तरीही थंड होत नसेल तर दोष खोलीच्या आकारात, पश्चिमेच्या भिंतीत, वरच्या तापलेल्या स्लॅबमध्ये किंवा खिडकीच्या फटींत शोधावा लागेल. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्याच्या दमट हवेत हा फरक खालच्या टोकाकडे येतो, कारण एसीची बरीच शक्ती हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते; अशा वेळी बाहेरच्या नळीतून पाणी भरभर ठिबकत असणे हीच यंत्र ठीक असल्याची खूण असते. फरक तीन-चार अंशांचाच असेल आणि फिल्टर स्वच्छ असतील, तर मात्र मेकॅनिकला बोलवावे.

घरमालकाने स्वतः करायचे काम इथे संपते. आउटडोअर युनिटचे झाकण उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते, आणि इन्व्हर्टर एसीच्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणाऱ्या एसीच्या, सर्किट बोर्डवर ती काही मिनिटे ३०० व्होल्टच्या आसपास असू शकते. सज्जावर उतरून युनिट धुण्याचा मोह तर टाळावाच.

लक्षणावरून काय ओळखता येते

इनडोअर युनिटमधून पाणी गळणे ही सर्वाधिक तक्रार आहे आणि तिचा गॅसशी बहुतेक वेळा संबंध नसतो. पाणी वाहून नेणाऱ्या नळीत शेवाळ किंवा चिकट गाळ साचतो, नळीचा उतार कुठेतरी उलटा झालेला असतो किंवा बाहेरच्या टोकात किड्यांनी घर केलेले असते. नळी साफ करून उतार नीट केला की काम भागते. मात्र आतल्या कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरून तो वितळत असेल तर गोष्ट वेगळी. बर्फ धरण्याची कारणे दोन प्रकारची आहेत: एक तर कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणजे फिल्टर, कॉइल किंवा ब्लोअर घाण आहे, नाहीतर गॅस कमी झाल्यामुळे कॉइलमधला दाब आणि त्याबरोबर तापमान शून्याखाली गेले आहे. एसी बंद करून ‘फॅन’ मोडवर बर्फ पूर्ण वितळू द्यावा, फिल्टर धुवावेत आणि पुन्हा चालवून पाहावा. स्वच्छ कॉइलवर पुन्हा बर्फ आला तर गॅसचा संशय रास्त ठरतो.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत आउटडोअर युनिट नुसते गुणगुणते, कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आणि काही सेकंदांत थांबतो, असे होत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. दीड टनाच्या एसीत हा बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, तो काही शे रुपयांत मिळतो, आणि तो गेला की कॉम्प्रेसर मेल्यासारखाच दिसतो. वरून फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनाही दिसतो. न फुगलेलाही मोजला तर छापलेल्या आकड्याच्या बराच खाली आलेला आढळतो. म्हणून “कॉम्प्रेसर गेला” असे कोणी सांगितले की कपॅसिटर मोजला का आणि वाइंडिंग (कॉम्प्रेसरच्या मोटरमधले तारेचे वेटोळे) तपासले का, हे दोन प्रश्न विचारावेत. न मोजता दिलेल्या उत्तरावर हजारो रुपयांचा निर्णय घेऊ नये.

सुरू करताक्षणी एमसीबी पडत असेल तर वायरमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून पाहणे धोक्याचे असते. अर्ध्या तासाने पडत असेल तर घाण कंडेन्सर (आउटडोअर युनिटमधली कॉइल), सैल टर्मिनल किंवा कमी क्षमतेचा एमसीबी पाहावा. प्लगपाशी जळका वास येत असेल, सॉकेट पिवळा पडला असेल, तर एसी नव्हे, आधी इलेक्ट्रिशियन.

इन्व्हर्टर एसी बिघडला की दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा पडद्यावर कोड येतो. तो कोड लिहून घ्यावा आणि कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा, कारण तापमान मोजणारा छोटा सेन्सर खराब झाला तरी एसी बंद पडतो आणि घाईत पूर्ण सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, बदलायला सांगितले जाते. सेन्सर आणि पीसीबी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आउटडोअरच्या पीसीबीवर पाल चिकटून शॉर्ट होणे आपल्याकडे इतके घडते की ते स्वतंत्र कारण म्हणून लक्षात ठेवावे. बोर्ड दुरुस्त करून देणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात. एसीची वॉरंटी संपली असेल तर नवा बोर्ड घेण्यापूर्वी त्यांना दाखवायला हरकत नाही.

कुबट वास पावसाळ्यात कॉइलवर वाढणाऱ्या बुरशीचा असतो आणि नीट धुतल्यावर जातो. गटाराचा वास येत असेल तर पाण्याची नळी सरळ सांडपाण्याच्या पाइपात सोडली आहे का ते पाहावे.

गॅस भरणे: घाई टाळण्याची जागा

एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो आणि वापराने संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर पडला. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरून घेणारे घर खरे तर एकाच गळतीचे पैसे हप्त्याहप्त्याने भरत असते. गळती न शोधता गॅस भरून देणाऱ्या मेकॅनिकला परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भर मे महिन्यात ते जिवावर येते, म्हणूनच एसीची चाचणी फेब्रुवारीत करून घ्यावी.

योग्य पद्धतीचे चार टप्पे आहेत आणि ते घरमालकाला शेजारी उभे राहून पाहता येतात. आधी गळती शोधायची. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, त्यामुळे जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथेच संशय घ्यावा. नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे येतात तिथे गळती, आणि अर्धा-एक तास काटा स्थिर राहिला तर नळ्या घट्ट. या कामासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर वापरणे जीवघेणे आहे, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. दुसरा टप्पा जोड नव्याने करण्याचा किंवा डाग देण्याचा. तिसरा टप्पा व्हॅक्यूमचा, आणि सर्वाधिक टाळाटाळ इथेच होते. नळ्यांतली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास ओढून काढावा लागतो, कारण आजच्या एसीतले तेल ओलावा चटकन शोषते आणि त्यातून तयार होणारे आम्ल कॉम्प्रेसरचे वाइंडिंग आतून खाते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या नळीत किती बाष्प जात असेल, याचा अंदाज कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. पंप न आणता थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलण्याची जी पद्धत दिसते, ती मान्य करू नये. चौथा टप्पा वजन करून गॅस भरण्याचा. आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेले असते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस भरायचा, आणि तांब्याची नळी ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेनुसार मीटरमागे थोडा वाढवायचा. नुसता दाबाचा काटा पाहून भरणे इन्व्हर्टर एसीत विशेष फसवे असते, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो.

पट्टीवर आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० यांपैकी काहीतरी लिहिलेले आढळेल. आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो; १९८७च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि भारतात २०३०पर्यंत तो जवळजवळ संपुष्टात येणार आहे. आर-२२चा एसी चालू असेल तर चालवावा, पण त्यात मोठा खर्च घालू नये. आर-४१०ए हा आर-३२ आणि आर-१२५ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण असून त्याचा दाब आर-२२च्या दीडपटीहून अधिक असतो. आर-३२ ओझोनला इजा करत नाही आणि तापमानवाढीतला त्याचा वाटा आर-४१०एच्या सुमारे एक तृतीयांश आहे, परंतु तो सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, घरगुती सिलिंडरमधल्या वायूचाच भाऊबंद, आणि तो चांगलाच पेट घेतो. ज्या गॅससाठी यंत्र बनले आहे त्याखेरीज दुसरा गॅस त्यात भरू देऊ नये. विशेषतः जुन्या आर-२२च्या यंत्रात स्वस्त म्हणून ज्वलनशील गॅस भरणे हा सरळ आगीशी खेळ आहे, कारण त्या यंत्रातले रिले आणि संपर्क ठिणगी टाळण्याच्या हिशेबाने बनवलेलेच नसतात. आर-३२ किंवा आर-२९०च्या एसीवर डाग देण्यापूर्वी नळ्यांतला गॅस काढलेला असावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात, एवढे घरमालकाने स्वतः पाहावे.

आता मूळ प्रश्न. गळती फ्लेअर नटच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या नटच्या, जोडावर किंवा सर्व्हिस व्हॉल्व्हपाशी असेल तर एसी दहा वर्षांचा असला तरी दुरुस्ती करावी. काम छोटे आहे आणि टिकते. भिंतीबाहेरच्या नळीत असेल तर नळीचा तुकडा किंवा पूर्ण नळी बदलावी. नव्या इमारतींत फर्निचरच्या आणि प्लास्टरच्या आत दडवलेल्या नळ्यांना गळती लागली तर खर्च एसीचा नव्हे, भिंतीचा असतो. अशा वेळी दिसायला थोडी वाईट असली तरी बाहेरून नवी नळी टाकणे शहाणपणाचे. इनडोअर कॉइलला बारीक छिद्रे पडली असतील तर एका जागी डाग देऊन भागत नाही, कारण गंज सगळीकडे सारखाच चाललेला असतो आणि दोन महिन्यांत दुसरीकडे छिद्र पडते. वॉरंटीत असेल तर पूर्ण कॉइल बदलून घ्यावी. सहा-सात वर्षांनंतर स्वतःच्या खिशातून कॉइल बदलण्यापेक्षा ती रक्कम नव्या एसीत घालावी.

समुद्रकाठी हा गंज लवकर येतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर खारा वारा कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या पिठासारख्या भुसभुशीत करून टाकतो. मुंबई-ठाण्यात नाल्यालगतच्या आणि खाडीकाठच्या इमारतींत कारण वेगळे असते: सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडतो, नळ्यांना छिद्रे पाडतो आणि पीसीबीवरचे बारीक मार्गही खातो. अशा घरात एकाच एसीची कॉइल दोनदा गेली असेल तर कंपनी बदलून उपयोग नाही. लेपित कॉइलचे मॉडेल निवडावे, आउटडोअर युनिट नाल्याच्या बाजूला न लावता शक्य तितके दूर लावावे, आणि वर्षातून दोनदा ते साध्या पाण्याने धुऊन घ्यावे.

पैशांचा हिशेब

“नवा घ्या, विजेच्या बिलातच पैसे निघतील” हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते. ते तपासून पाहण्यासाठी स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट वापरावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणजे बीईईच्या लेबलवरचा हा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. समजा, दीड टनाच्या जुन्या एसीचा आकडा १,०७० युनिट आहे आणि दुकानातल्या नव्या पाच स्टारचा ७५० युनिट. फरक ३२० युनिटांचा. पण आपण रात्री आठ तास, चार महिने एसी लावत असू तर वापर ९६० तासांचाच होतो आणि फरक १९२ युनिटांवर येतो. महावितरणचे असो वा मुंबईतले अन्य कोणाचे, बिल टप्प्यांच्या दराने आकारले जाते आणि एसीचे युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून आपल्या बिलातला सर्वांत वरचा दर घ्यावा. तो सर्व आकारांसह १२ रुपये धरला तर वर्षाची बचत सुमारे २,३०० रुपये होते. ४०,००० रुपयांचा एसी या बचतीतून वसूल व्हायला सतरा वर्षे लागतील. म्हणजे फक्त झोपताना एसी लावणाऱ्या घराने, धडधाकट चालणारा जुना एसी बिल वाचवण्यासाठी काढून टाकू नये.

हेच गणित घरून काम करणाऱ्या किंवा आजारी वडीलधारे असलेल्या घरात उलटते. दिवसाला बारा तास आणि वर्षातून आठ महिने वापर असेल तर तो २,८८० तासांचा होतो, बचत ५७६ युनिटांची म्हणजे जवळजवळ ७,००० रुपयांची होते आणि नवा एसी सहाएक वर्षांत स्वतःची किंमत परत करतो. त्यात जुन्याच्या दुरुस्तीचे दहा-बारा हजार समोर उभे असतील तर विचार करायला फारसे काही उरत नाही.

कॉम्प्रेसर गेला असेल तर वॉरंटीचे कार्ड नीट वाचावे. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी देतात, पण तीत बहुधा फक्त तो भाग येतो. गॅस, मजुरी आणि वाहतूक यांचे पैसे वेगळे पडतात. हा खर्च आधी लेखी विचारावा. कॉम्प्रेसर आतून जळलेला असेल तर नळ्यांत आम्लयुक्त तेल पसरलेले असते; नळ्या धुऊन ओलावा आणि कचरा अडवणारा नवा ड्रायर-फिल्टर न बसवता नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही लवकर जळतो. वॉरंटीबाहेरच्या, आठ-दहा वर्षांच्या यंत्रात कॉम्प्रेसर बदलणे मला पटत नाही. पीसीबीच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते: मॉडेल बंद झाल्यावर मूळ बोर्ड मिळेनासा होतो आणि त्याच्या जागी सर्वसाधारण बोर्ड लावला की इन्व्हर्टर एसी धड इन्व्हर्टर राहत नाही.

नवा घेताना

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. मधल्या मजल्यावरच्या शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि दीडशे-पावणेदोनशेच्या खोलीला दीड टन हा ढोबळ अंदाज ठीक आहे. वरचा स्लॅब उघडा असेल किंवा पश्चिमेला मोठी काच असेल तर एक पायरी वर जावे. मात्र उघड्या स्लॅबच्या घराने आधी गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप लावून घ्यावा, त्याने खालच्या एसीचे काम बरेच हलके होते. जास्त टनांचा एसी म्हणजे जास्त चांगला, असे नाही. इन्व्हर्टर नसलेला मोठा एसी छोट्या खोलीत चटकन थंड करून बंद पडतो, हवेतला ओलावा तसाच राहतो आणि मुंबईत अंथरूण गार पण दमट लागते.

लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. चंद्रपूर, नागपूर, जळगाव इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तोच एसी कमी थंडावा देतो आणि जास्त वीज खातो. “५२ अंशांतही चालतो” या जाहिरातीचा अर्थ तो बंद पडत नाही एवढाच आहे. त्या तापमानाला क्षमता किती उरते, हे माहितीपत्रकात पाहावे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या किंवा हनीकोम्बच्या पॅडचा डेझर्ट कूलर एसीच्या विजेच्या छोट्या अंशात घर थंड ठेवतो, आणि एसी खरा उपयोगी पडतो तो जूनमध्ये हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी झाल्यावर. तिथल्या घराने दोन्ही ठेवावेत आणि एसी त्या मानाने लहान घ्यावा. किनारपट्टीवर कूलरचा विचारही करू नये.

स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर, म्हणजे संपूर्ण हंगामातली कार्यक्षमता सांगणारा, आकडा पाहावा; तो जितका मोठा तितकी वीज कमी लागते. बीईई ठरावीक वर्षांनी निकष कडक करते, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुन्या निकषांचा पाच स्टार नव्या निकषांत तेवढा भरेलच असे नाही. लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे हे छापलेले असते. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे बिल तपासताना लक्षात असू द्यावे.

थंडीसाठी ‘हॉट अँड कोल्ड’ एसी घ्यावा का, हा प्रश्न आपल्याकडे निफाड-नाशिकसारख्या भागापुरताच येतो. दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांना मात्र तो दरवर्षी पडतो. असा एसी बाहेरची उष्णता आत आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत साध्या हीटरच्या दोन-तीनपट ऊब देतो. वर्षातले पंधरा दिवस थंडी असेल तर साधा हीटर पुरे. दोन महिने असेल तर हा जास्तीचा खर्च योग्य ठरतो.

बसवून घेताना

चांगला एसी वाईट बसवला तर तो चार वर्षांत वाईट होतो. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि तपासलेले अर्थिंग असावे. जुन्या इमारतींत मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर पाहून, गरज पडल्यास आधी तो वाढवून घ्यावा. तांब्याच्या नळीसाठी भिंतीला भोक पाडताना बीम किंवा कॉलमला ड्रिल लावू देऊ नये. आर-२२च्या जुन्या नळ्या नव्या एसीला वापरू नयेत. त्यांत जुने तेल राहिलेले असते आणि त्यांची जाडी नव्या दाबाला पुरेलच याची खात्री नसते.

आउटडोअर युनिट कुठे लावायचे, हे सोसायटीच्या परवानगीइतकेच पुढच्या दुरुस्तीच्या दृष्टीने ठरवावे. मेकॅनिकला सुरक्षित उभे राहता येणार नाही अशा जागी, बाराव्या मजल्याच्या बाहेर नुसत्या ब्रॅकेटवर युनिट टांगले तर पुढे प्रत्येक सर्व्हिसला कोणीतरी जीव धोक्यात घालतो, आणि ते टाळण्यासाठी सर्व्हिसच अर्धवट होते. बसवण्याच्या दिवशी व्हॅक्यूम पंप आणला आहे का, हे मेकॅनिक दारात असतानाच विचारावे.

जुना एसी काढताना त्यातला गॅस हवेत सोडू न देता ‘पंप डाउन’ करून आउटडोअर युनिटमध्येच बंद करून घ्यावा. मग जुना एसी एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि सगळा गॅस वातावरणात जातो. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनुसार उत्पादकांवर त्याची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीला विचारायला संकोच करू नये.

दुरुस्ती असो वा खरेदी, पक्के बिल घ्यावे. त्यावर दोन्ही युनिटांचे क्रमांक, बदललेल्या भागाचे नाव, भरलेल्या गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन असावे, आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटीतले काम नाकारले गेले किंवा दुरुस्तीनंतर तोच बिघाड पुन्हा आला तर आधी कंपनीला लेखी तक्रार करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. तेथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि वकील करणे बंधनकारक नाही.